अप्पा आणि नऊ सयाजीसाहेब

आमच्या घरात एकाही कपाला कान नाही. पाहुण्यांना वाटतं, ही काहीतरी नवीन पद्धत असेल. पद्धत वगैरे काही नाही, ते आमचे सासरे. चनबसप्पा, निवृत्त एसटी कंडक्टर, बत्तीस वर्षं सोलापूर-अक्कलकोट. अप्पांनी कप उचलला की कान त्यांच्या बोटात राहतो आणि कप बशीत. त्यांनी बंद केलेला नळ उघडायला प्लंबर बोलवावा लागतो. ते दार लावतात तेव्हा शेजारचे लोक काय झालं म्हणून आपलं दार उघडतात. नोकरीभर त्यांनी गाडीचं दार आपटलं, घंटीची दोरी ओढली आणि माणसांच्या पाठीला हात लावून "पुढं सरका, पुढं सरका" म्हणत सत्तर जणांना पन्नास जणांच्या गाडीत बसवलं. निवृत्तीच्या दिवशी डेपोने त्यांना शाल-श्रीफळ दिलं. श्रीफळ त्यांनी तिथेच, स्टेजच्या कडेवर, एका दणक्यात फोडलं आणि सगळ्यांना वाटलं.

माझी मुलगी ओवी पाच वर्षांची आहे आणि ती थेट अप्पांवर गेली आहे. तिला प्रेम आलं की ती मिठी मारत नाही, आवळते. तिच्या पाच बाहुल्यांत मिळून तीन हात होते. गल्लीतलं पांढरं मांजर तिची शाळेची रिक्षा वळताना दिसली की पत्र्यावर चढायचं, ते ती झोपली असं कळल्यावरच उतरायचं. तुळशीला ती बादलीने पाणी घालायची, त्यामुळे आमची तुळस कायम एका बाजूला कललेली.

अशा घरात मला दुसऱ्यांदा दिवस गेले. सगळ्यांना आनंद झाला आणि मी ओवीच्या बाहुल्यांचे हात पुन्हा एकदा मोजले. अप्पा मोठ्याने म्हणाले, "लई ब्येस झालं! पर मी बाळाला हात लावणार न्हाई हं. माजे हात गाडीचे हायेत, बाळाचे न्हाईत." आणि हसले. आम्ही कुणी हसलो नाही, कारण त्यामागचं आम्हाला माहीत होतं.

माझा नवरा गुरुशांत दोन वर्षांचा असताना अप्पा ड्यूटीवरून आले, पोरगं धावत आलं, अप्पांनी खेळात त्याला एका हाताने वर उचललं आणि त्याचं कोपर निखळलं. डॉक्टरांनी दोन मिनिटांत जागेवर बसवलं. गुरुशांतला त्यातलं काही आठवत नाही, आज त्याच हाताने तो गॅसचं सिलिंडर उचलतो. पण अप्पांना ते रडणं आठवतं. त्यानंतर त्यांनी तान्हं मूल म्हणून हातात घेतलं नाही.

एकदा घेणार होते. ओवीचं बारसं माझ्या माहेरी, माढ्याला होतं. अप्पा चांदीचे वाळे घेऊन आले, बराच वेळ पाळण्याशी घुटमळले आणि शेवटी धीर करून त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मी बारा रात्रींची जागी, अंगात कसकस, आणि मुळात माझं डोकं तापायला फार काही लागत नाही. भरल्या घरात मी म्हणाले, "नको अप्पा, तुमच्या हातात नको." अप्पांनी पुढे केलेले हात तसेच बाजूला नेले आणि तिथली दुपट्याची घडी घातली. जणू ते त्यासाठीच वाकले होते. पुढे ओवी स्वतःच्या पायांनी त्यांच्याकडे चालत गेली, तोवर त्यांनी तिला घेतलं नाही. मला त्या वाक्याची लाज वाटते. पाच वर्षं वाटत होती, आणि माफी मागायचं रोज राहून जात होतं. या वेळी बाळ आधी अप्पांच्या हातात द्यायचं, हे मी मनाशी ठरवलं होतं. पण ज्याला घ्यायचंच नाही त्याला देणार कसं?

डिसेंबरात, येळवस, म्हणजे शेतात पूजा करून तिथेच जेवायची आमच्याकडची अमावस्या, होऊन दोन दिवस झाले होते, तेव्हा ओवीच्या आयेशा मॅडमचा मेसेज आला. शाळेत 'हळुवार हात' नावाचा उपक्रम होता. घरच्या घरी खेळायचे खेळ. आवाज न करता दार लावायचं, वाटीतलं पाणी न सांडता दुसऱ्या वाटीत ओतायचं, असं बरंच काही. आणि मुख्य खेळ म्हणजे प्रत्येक मुलाने एक उकडलेलं अंडं घ्यायचं, त्याला डोळे काढायचे, नाव ठेवायचं आणि बाळ समजून सात दिवस न फोडता सांभाळायचं.

मी मेसेज मोठ्याने वाचला.

"अंडं?" अप्पा म्हणाले. "ह्या घरात?"

माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही सगळे अव्वा म्हणतो, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. आमच्या घरात कांद्याची भजी कधी करायची यालाही वार असतो. त्यांनी देवघराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सात दिवस ऱ्हाणार म्हणतीस? मुक्कामाला?"

ओवीने भोकाड पसरलं. "सगळ्यांना बाळ असणार आणि मलाच न्हाई!"

अप्पांना नातीचं रडणं दोन मिनिटंसुद्धा सोसत नाही. त्यांनी तिला बटाटा दिला. ओवीने बटाट्याला डोळे काढले, आवळून पापा घेतला आणि त्याला खाली टाकलं. बटाटा कपाटाखाली गेला, झाडूने ओढून काढला तर जसाच्या तसा. ओवी म्हणाली, "ह्याला काहीच होत न्हाई. हे बाळ न्हाई, हा बटाटा हाय." पोरीचं म्हणणं बरोबर होतं.

तेव्हा अव्वांनी येळवशीच्या दुरडीवरचं फडकं बाजूला केलं आणि एक कडक भाकरी काढली. आमच्याकडची ही भाकरी कागदासारखी पातळ थापतात आणि मंद आचेवर वाळवून कुरकुरीत करतात. महिनाभर टिकते, पण चिमटीत धरली की तुकडा चिमटीत येतो. ती तळहात पसरून, खालून आधार देऊनच उचलायची.

"हे घ्या," अव्वा म्हणाल्या. "हिला सात दिवस जपून दाखवा."

मी मॅडमना विचारलं. त्यांचा व्हॉइस मेसेज आला, त्यात पहिली दहा सेकंद नुसतं हसू होतं आणि मग, "चालेल की! लई भारी कल्पना हाय!" पुढे चौथ्या दिवशी वर्गातल्या अंड्यांना वास सुटला आणि दोन मुलांच्या आया आमच्याकडे भाकरी मागायला आल्या. तेव्हापासून अव्वांची मान थोडी ताठ आहे.

ओवीने भाकरीला काजळाने डोळे काढले, सोनाली नाव ठेवलं आणि मग बोट रोखून म्हणाली, "अप्पापण आपटतो. त्यालापण बाळ द्या."

अप्पा नको नको म्हणत होते, पण अव्वांनी दुसरी भाकरी त्यांच्या पुढ्यात ठेवली. नाव काय, असं ओवीने विचारलं. अप्पांनी विचार केला. "सयाजीसाहेब," ते म्हणाले. सयाजीसाहेब त्यांचे जुने डेपो मॅनेजर. आयुष्यात आपण फक्त ह्या एका माणसाचा मूड जपून वागवला, असं अप्पांचं म्हणणं. ओवीने सयाजीसाहेबांना मिशा काढल्या.

पहिले सयाजीसाहेब अकरा मिनिटं टिकले. अप्पांनी त्यांना खिशात ठेवलं होतं. सोनाली संध्याकाळपर्यंत टिकली, मग ओवीला ती गोड दिसली आणि तिने तिला आवळलं. अव्वांचा नियम असा की अन्न वाया घालवायचं नाही. मोडलेलं बाळ दह्यात चुरून, शेंगाची चटणी घालून खायचं. ओवीला हे अंत्यसंस्कार इतके आवडले की दुसऱ्या दिवशी भूक लागली तशी सोनाली बरोब्बर तिच्या हातून पडली.

मी नियम बदलला. ज्याचं बाळ मोडेल त्याचं दुसऱ्याने खायचं. त्याचा परिणाम असा झाला की अप्पा सयाजीसाहेबांना घेऊन चालले की ओवी दाराआडून "भ्वाँ!" करून पुढे यायची. दुसरे, तिसरे आणि चौथे सयाजीसाहेब असे गेले. अप्पा कळवळून म्हणाले, "अगं, हा घातपात हाय!" शेवटी अव्वांनी जाहीर केलं की इथून पुढे मोडलेली भाकरी कोपऱ्यावरच्या गाईला. तेव्हा कुठे दोघंही खेळाला लागले.

आणि मग मात्र घरात मजाच झाली. दुपारी मी ऑफिसातून येऊन बघते तर पडवीत खुर्च्यांची एसटी लागलेली. खिडकीशी ताटलीत सोनाली, शेजारच्या ताटलीत सयाजीसाहेब, आणि अप्पा मधून तिरके तिरके चालत कुजबुजत होते, "पुढं सरका... पुढं सरका..." अप्पांना कुजबुजता येतं हे मला सहा वर्षांत माहीत नव्हतं. मी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

"हाफ तिकीट," ओवी सोनालीकडे बोट दाखवून म्हणाली.

"आणि सायबांना?"

"साहेब फुकट. ते मॅनेजर हायेत."

"व्हय की," अप्पा म्हणाले. "वळसंग आलं. उतरताना बाळं सांभाळा."

दार लावायच्या खेळाला ओवीने 'दार झोपवणे' असं नाव दिलं. दाराला थोपटत थोपटत चौकटीपर्यंत न्यायचं आणि कडी लावताना श्वास धरायचा. अप्पांनी हा खेळ इतका मनावर घेतला की आठवडाभर आमचं एकही दार पूर्ण लागत नव्हतं. एकदा ते न्हाणीघराचं दार झोपवत बसले आणि आत गुरुशांत गळ्यापर्यंत टॉवेल ओढून, "अप्पा, आता लावा की!" असं ओरडत होता.

पण फरक पडत होता. ओवी तुळशीला कपाने पाणी घालू लागली, अर्थात बिनकानाच्या. पांढरं मांजर पत्र्यावरून आधी पायरीवर आणि मग उंबऱ्यापर्यंत आलं, आणि ओवीने त्याला एका बोटाने शिवून दाखवलं. एका बोटाने! सकाळी शाळेत जाताना ती सोनालीला अव्वांच्या हवाली करायची आणि कधी ऊन द्यायचं, कधी झाकायचं हे सांगायची. आल्याबरोबर दप्तर टाकायच्या आधी तिला बघायला जायची. जानेवारी लागला तसे सोनालीचे सात दिवस पूर्ण झाले. मॅडमनी वहीत चांदणी चिकटवली. ओवीने ती चांदणी काढून कपाळाला लावली आणि दोन दिवस आंघोळ नाकारली.

अप्पांचं गाडं मात्र अडलं. पाचवे सयाजीसाहेब सहाव्या दिवशी मोडले. सहावेही सहाव्या दिवशी. सातव्यांचंही तेच.

संक्रांतीच्या चार दिवस आधी मी बाळंत झाले. मुलगा. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा ओवीने आधी हात धुतले, मग मांडी घातली, मग मांडीवर उशी घेतली आणि म्हणाली, "द्या." मी बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. तिने तळहात पसरून त्याच्या डोक्याखाली घातला. अगदी भाकरीखाली घालायची तसा. ती इतकी हळू श्वास घेत होती की शेवटी मलाच तिला सांगावं लागलं, "ओवी, श्वास घे गं."

मग तिने अप्पांकडे पाहिलं. अप्पा दारात उभे होते, दोन्ही हात पाठीमागे बांधून.

"अप्पा, तू घे."

"मी अजून नापास हाय की," अप्पा म्हणाले. "सात दिवस कुटं झाले माजे? झाले की घेतो."

ओवीला हे पटलं, नियम म्हणजे नियम. मला माफीचं बोलायचं होतं, पण अप्पा तोवर सयाजीसाहेबांना ऊन दाखवायला निघून गेले होते. आठवे सयाजीसाहेब तेव्हा पाच दिवसांचे होते.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीशी बाळाला पाजत बसले होते. परसात अप्पा सयाजीसाहेबांना तळहातावर घेऊन चालत होते. एका हातावर भाकरी, दुसऱ्या हाताने अडगळीची सायकल सरकवली, दोरीवरचं धोतर वाकून चुकवलं, पायरी चढले, उतरले. भाकरी हललीसुद्धा नाही. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नाही असं बघून अंगठा भाकरीच्या मधोमध ठेवला आणि हळूच दाबला. कट् असा आवाज झाला. आणि लगेच मोठ्याने, "आरं देवा! मोडली की! ओवी, साहेब गेले गं!"

मी खिडकीतून मागे सरले. या माणसाला भाकरी सांभाळता येत होती. महिनाभर येत होती. त्याला पास व्हायचं नव्हतं, कारण पास झालं की बाळ घ्यावं लागलं असतं. मला रडू आलं, आणि थोडा रागही आला. अप्पांचा नव्हे, माढ्यातल्या त्या बाईचा.

मी कुणाला काही बोलले नाही. संक्रांतीच्या ताज्या भाकऱ्यांतून अव्वांनी नववे सयाजीसाहेब दिले. ओवीने त्यांना मिशा आणि चष्मा काढला.

मग तो सहावा दिवस. गुरुशांत कामावर, अव्वा देवळात. बाळ खाली खोलीत झोपलं होतं, ओवी त्याच्याजवळ, अप्पा पडवीत. मी दुपटी वाळत घालायला गच्चीवर गेले. चार घातली असतील नसतील, तोच खालून बाळाचं रडणं आलं. मी हातातलं दुपटं तसंच घेऊन धावले आणि जिन्याच्या मध्यावर आले तेव्हा ओवीचा आवाज ऐकला.

"अप्पा, बाळ रडतंय."

"आईला हाक मार की."

"आई वर हाय. लांब हाय."

मी फक्त अकरा पायऱ्या दूर होते. मी खाली बसले. ओलं दुपटं मांडीवर, त्याचं पाणी साडीतून आत झिरपतंय, आणि मी बसून राहिले.

"मग अव्वा?"

"देवळात."

"तू घे मग. तुला तर येतंय."

"मी बसूनच घ्यायचं. उठून मोठ्या माणसांनी घ्यायचं. तू मोठा हाईस."

"अगं, माज्या हातात साहेब हायेत की!"

"साहेब मला दे."

बाळ आता मन लावून रडत होतं. माझे पाय आपोआप उठत होते आणि मी कठडा धरून त्यांना खाली बसवत होते. मी कान देऊन कट् असा आवाज येतो का ऐकत होते. तो येईल अशी माझी खात्री होती.

तो आला नाही. अप्पांचा आवाज आला, एसटीतल्या कुजबुजीचा. "धर. दोन्ही हातांनी. खालून."

"मला येतंय," ओवी म्हणाली, आणि तिच्या आवाजात चांदणीवाल्या माणसाचा तोरा होता.

मग बाळ थांबलं. एकदम नाही, हुंदके देत देत.

मी उरलेल्या पायऱ्या अनवाणी उतरले. खोलीच्या मधोमध अप्पा उभे होते. कोपरं अंगाला घट्ट, एक तळहात पसरून डोक्याखाली, दुसरा पाठीखाली, आणि डोळे मिटलेले. बाळाने त्यांच्या सदऱ्याचं बटण मुठीत धरलं होतं. समोर ओवी, दोन्ही हातांवर सयाजीसाहेब, एक मिशीसुद्धा न मोडलेले. पांढरं मांजर उंबऱ्यावर बसून दोघांकडे बघत होतं.

"पास," ओवी म्हणाली.

"सातवा दिवस उद्या हाय," अप्पा डोळे न उघडता म्हणाले.

"आजच पास. आता मी साहेबांना खाऊ?"

"खा. पर आवाज करू नगंस."

कडक भाकरी आवाज न करता खाणं या भूतलावर कुणाला जमलेलं नाही. ओवी कोपऱ्यात बसली आणि सयाजीसाहेबांचा एक एक तुकडा तोंडात विरघळवत चोखू लागली.

मी जवळ गेले. म्हणाले, "अप्पा, माढ्याला त्या दिवशी मी जे बोलले ना, ते..."

"गप," अप्पा म्हणाले. सहा वर्षांत ते पहिल्यांदाच मला असं दटावून बोलले. "जागं हुईल."

त्यांनी डोळे उघडून बाळाकडे पाहिलं, बराच वेळ. हात तसूभरही हलले नाहीत. मग त्यांनी मान न हलवता फक्त नजर माझ्याकडे वळवली.

"उत्कर्षा," ते कुजबुजले, "ह्याला खाली कसं ठेवायचं? ते काय शिकवलं न्हाई की कुणी."

"मलाही माहीत नाही, अप्पा," मी म्हणाले, आणि उरलेली दुपटी वाळत घालायला वर गेले.